बातमी वाचायला शिकवा: चालू घडामोडी शिकवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रस्ता परिसरातील स्पर्धा परीक्षा वर्गांचे संचालक, चालू घडामोडी शिकवणारे शिक्षक आणि चालू घडामोडींच्या मासिकांचे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी महसूल खात्यात नोकरी केली, उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त झालो आणि आता पुण्यात असतो. नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत संध्याकाळी मुलामुलींबरोबर वर्तमानपत्र वाचायला बसतो. त्याची फी नाही, बॅच नाही. ज्याला यायचे तो येतो. या बैठकीत जे सतत दिसते आहे ते तुमच्या कानावर घालावे म्हणून हे पत्र. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाला लिहिता आले असते. पण मुले आयोगाचा अभ्यासक्रम एकदा वाचतात आणि तुमच्या नोट्स रोज वाचतात, तेव्हा तुम्हालाच लिहिणे रास्त वाटले.

माझी मागणी अशी आहे: चालू घडामोडी हा पाठांतराचा वेगळा विषय म्हणून शिकवणे बंद करा आणि मुलांना बातमी वाचायला शिकवा.

राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या अभ्यासक्रमात पहिलाच घटक राज्य, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या चालू घडामोडींचा आहे. यूपीएससीतही पहिला घटक तोच, फक्त त्यात राज्याचा उल्लेख नाही. मग इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था, पर्यावरण, विज्ञान. चालू घडामोडींचा घटक एका ओळीत संपतो. त्याला पोटमुद्दे नाहीत आणि हद्दही नाही. हद्द नाही म्हणून मुले घाबरतात आणि त्या भीतीवर आपल्या पेठांमध्ये बराच व्यवहार चालतो. अप्पा बळवंत चौकात एक फेरी मारली तरी कळते. मासिक, त्रैमासिक, वार्षिकी, परीक्षेच्या तोंडावर निघणारी खास पुस्तिका, आणि शिवाय टेलिग्रामवर रोजची पीडीएफ. एकच घटना मुलगी पाच ठिकाणी वाचते आणि पाचही ठिकाणी तिची तीच ओळ असते. मेसच्या पैशातून वाचवून ती हे विकत घेते, म्हणून मला याचे जास्त वाईट वाटते.

त्या एका ओळीचे काय होते ते सांगतो. २८ जून २०२४ रोजी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचा शासन निर्णय निघाला. महिला व बालविकास विभाग, दरमहा १,५०० रुपये, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, वय २१ ते ६०. लगेच वन लायनर तयार झाले आणि फिरू लागले. ३ जुलैला सुधारित निर्णय आला. वयाची वरची मर्यादा ६५ झाली, पाच एकर जमिनीची अट गेली. कितीतरी महिन्यांनी आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीच्या वहीत मला ६० हाच आकडा दिसला, आणि खाली लाल शाईत ‘फायनल रिव्हिजन’ असे लिहिलेले. तिने तो एका वर्गाच्या नोट्समधून उतरवला होता. त्या नोट्समध्ये निर्णयाची तारीख नव्हती, त्यामुळे आपण जुने काही वाचतो आहोत अशी शंका यायलाही तिला जागा नव्हती. राज्यसेवा पूर्वपरीक्षेत चार चुकीच्या उत्तरांमागे एका बरोबर उत्तराचे गुण जातात. अर्ध्या गुणाने कट ऑफ हुकलेली मुले तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिली आहेत.

शासन निर्णय मिळवणे आता अवघड राहिलेले नाही. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर प्रत्येक निर्णय मराठीत असतो, त्याला १८ अंकी संकेतांक असतो आणि त्यातले पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. योजना शिकवताना मूळ निर्णय पडद्यावर उघडा. प्रस्तावना वाचून दाखवा, पात्रता आणि अपात्रता वाचून दाखवा, खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून, होणार ते दाखवा, शेवटी प्रत कोणाकोणाला गेली आहे तेही दाखवा. यातली बरीच मुले उद्या याच कागदावर काम करणार आहेत. नोकरीत पहिल्या वर्षी हा कागद हातात आला की भली हुशार पोरे गोंधळतात. त्यांनी योजनांची नावे शेकड्यांनी पाठ केलेली असतात, पण एकही निर्णय अथपासून इतिपर्यंत वाचलेला नसतो.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहायला बसलो ती सांगतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर भागात पावसाने थैमान घातले. सीना, मांजरा, गोदावरीकाठची गावे पाण्यात गेली. २८ सप्टेंबरला व्हायची राज्यसेवा पूर्वपरीक्षा आयोगाने पुढे ढकलली आणि ती ९ नोव्हेंबरला झाली. आमच्या अभ्यासिकेत बीड, धाराशिव, लातूर, नांदेडची पुष्कळ मुले आहेत. त्या आठवड्यात ती जिन्यात उभी राहून घरी फोन लावत होती. पाणी कुठवर आलंय, सोयाबीन राहिलं का, जनावरं कुठं बांधली, तलाठी येऊन गेला का, पंचनाम्यात आपला गट नंबर आला का. फोन ठेवून ती परत जागेवर येत आणि मासिक उघडून पुरस्कारांची यादी पाठ करू लागत. घरचा माणूस फोनवर जे सांगत होता तोच अभ्यासक्रम आहे, असे त्यांना कोणीही सांगितलेले नव्हते.

मी त्या संध्याकाळी पुस्तके बाजूला ठेवायला सांगितली आणि एकाला त्याच्या वडिलांचे बोलणे जसेच्या तसे सांगायला लावले. तलाठी येऊन गेला म्हणजे काय झाले? महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या एका गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला की अतिवृष्टी धरतात. म्हणजे पर्जन्यमापक कुठे बसवला आहे यावर एका गावाचे नशीब ठरू शकते. मंडळात आकडा कमी आणि शिवारात ढगफुटी, असे होते आणि मग तहसीलमध्ये माणसे भांडायला येतात. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच निविष्ठा अनुदान, म्हणजे बियाणे-खतांच्या खर्चापोटीची मदत, मिळते. केंद्राच्या निकषाने कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. त्यापुढे राज्याला द्यायचे असेल तर स्वतःच्या तिजोरीतून द्यावे लागते. हा पैसा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येतो. तो निधी आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मधला, आणि महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के असतो. वाटा किती आणि निधी किती हे वित्त आयोगाच्या शिफारशीवर ठरते. पंधराव्या वित्त आयोगाने प्रतिसादाला ८० टक्के आणि आपत्ती सौम्यीकरणाला, म्हणजे आपत्तीची झळ आधीच कमी करण्याला, २० टक्के अशी विभागणी सुचवली.

एवढे बोलून होईपर्यंत फळ्यावर राज्यव्यवस्था आली होती, सार्वजनिक वित्त आले होते, खोऱ्यांचा भूगोल आला होता, शेतीचे अर्थशास्त्र आले होते. मुलांना त्यातले निम्मे आधीच ठाऊक होते. घरात आयुष्यभर ऐकलेले होते. ते ज्ञान आहे आणि ते परीक्षेत लिहायचे असते, एवढेच त्यांना माहीत नव्हते. पुण्यात आल्यावर ती गाव मागे ठेवून येतात, आणि आपण त्यांना हेच शिकवतो की खरा अभ्यास मासिकात आहे. धाराशिवच्या मुलीला पुराबद्दल सांगायला पुण्यातल्या पीडीएफची गरज पडावी, हे मला सहन होत नाही. उद्या मुलाखतीत तिला तिच्या जिल्ह्याबद्दलच विचारतील.

पुण्यात घडलेल्या गोष्टींचेही तेच. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. मुले अक्षरशः पाणी उकळून पीत होती, मेसमधले पनीर टाळत होती. वहीत मात्र आजाराचे नाव आणि ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हे जिवाणूचे नाव, संपले. विज्ञानाच्या प्रश्नाला ते पुरेल. पण ही गावे महापालिकेत कधी आली? २०१७ मध्ये ११ गावे आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे पुणे महापालिकेत घेतली, नांदेड आणि किरकटवाडी या दुसऱ्या यादीतली. हद्द वाढली की नळाला शुद्ध पाणी लगेच येते असे नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा आणि सार्वजनिक आरोग्य हे दोन्ही विषय आहेत. ते नगरपालिकांकडे सोपवायचे की नाही हे राज्य विधिमंडळ ठरवते. एका बातमीतून नागरीकरण, स्थानिक स्वराज्य संस्था आणि साथरोग हे तिन्ही शिकवता येतात, आणि विद्यार्थी ती बातमी स्वतः जगलेले आहेत.

किल्ल्यांचे बघा. जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ जागतिक वारसा यादीत गेले. बारा किल्ले, त्यांतला जिंजी तमिळनाडूत, बाकी महाराष्ट्रात, भारतातले ४४ वे स्थळ. हे पाठ व्हायलाच हवे, त्याबद्दल वाद नाही. पण रविवारी मळवलीला उतरून लोहगड चढणाऱ्या मुलांना विचारले की लोहगडची डागडुजी कोण करते आणि राजगडची कोण, तर सगळे एकमेकांकडे बघू लागले. लोहगड आणि शिवनेरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, राजगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. असे का, याचे उत्तर सातव्या अनुसूचीत आहे. संसदेने राष्ट्रीय महत्त्वाची ठरवलेली स्मारके संघसूचीत, बाकीची राज्यसूचीत. शिवाय राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण राज्यसंस्थेवर सोपवणारा अनुच्छेद ४९. राज्यव्यवस्थेच्या तासाला सातवी अनुसूची घोकायची आणि चालू घडामोडींच्या तासाला किल्ल्यांची नावे, आणि दोन्हींची गाठ कधीच पडू द्यायची नाही, ही शिकवण्याची रीत मोडायला हवी. दोन शिक्षक वेगळे असतात, दोन बॅचची फी वेगळी असते, म्हणून गाठ पडत नाही असे मला वाटते. तुम्हीच विचार करा.

तुमचे म्हणणेही मला ठाऊक आहे, कारण तुमच्यापैकी काहींनी ते मला प्रत्यक्ष सांगितले आहे. ‘सर, प्रश्न एका ओळीचे येतात. नेमणूक कोणाची, पुरस्कार कोणाला, स्पर्धा कुठे, हे येतेच. मुले तेच मागतात. आम्ही दिले नाही तर शेजारच्या वर्गात जातील.’ हे खोटे नाही. असे प्रश्न येतात आणि त्यांचे गुण सोडून चालत नाही, विशेषतः कम्बाइनला, म्हणजे आयोगाच्या गट ब आणि गट क पदांच्या संयुक्त परीक्षेला, बसणाऱ्यांना. त्यासाठी सोळा पानांची बारीक पुस्तिका काढा: नेमणुका, पुरस्कार, खेळ, निर्देशांक, दिनविशेष. ती पाठ करून घ्या. माझा विरोध आहे तो बाकीच्या सगळ्या जगाची तशीच पुस्तिका करण्याला. न्यायालयाचा निकाल, पतधोरण, जनगणना, कायदा, करार यांची ओळ होऊ शकत नाही. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली. ही ओळ ज्याने पाठ केली त्याला ‘खालीलपैकी कोणती विधाने बरोबर आहेत’ असा प्रश्न आला की अनुसूचित जातींच्या यादीचा अनुच्छेद ३४१ आणि नोकरीतल्या आरक्षणाचा १६(४) यांच्यात तो हरवतो. आयोग विधानांचे प्रश्न विचारतो. त्यांना ओळ पुरत नाही.

रेपो दराचे, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याचे, उदाहरण तर तुमच्या छपाईच्याच सोयीचे आहे. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात तीन वेळा कपात होऊन तो ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला. जो दर मासिकात छापाल तो मुलाच्या हातात पडेपर्यंत जुना होऊ शकतो. पतधोरण समितीत सहा सदस्य असतात, महागाईचे लक्ष्य ४ टक्के आणि त्याच्या दोन्ही बाजूंना २ टक्क्यांची मुभा, दर कमी झाला की कर्जाचे, बचतीचे, रुपयाचे काय होते, हे मात्र त्यापेक्षा पुष्कळ जास्त टिकते. ते शिकवले की नवा आकडा मुलगा स्वतः वर्तमानपत्रातून उचलतो.

आणि आता तर परीक्षाच बदलली आहे. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर, वैकल्पिक विषयाचे दोन, असे १,७५० गुण लेखीचे आणि २७५ मुलाखतीचे. हा बदल पुढे ढकलावा म्हणून २०२३ मध्ये याच रस्त्यांवर मुले बसली होती, कारण तयारीला वेळ हवा होता. तो वेळ मिळाला. त्या वेळात आपण काय केले? माझ्यापुढे येणाऱ्या वह्या पाहता, पर्यायी उत्तरांचे गोळे काळे करण्याची सवय तशीच आहे.

एक प्रश्न मी बैठकीत दिला होता: मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याने काय बदलायला हवे? मुलांनी लिहिले, ३ ऑक्टोबर २०२४ ला मंत्रिमंडळाची मान्यता, मराठीबरोबर पाली, प्राकृत, आसामी, बंगाली, आता एकूण अकरा भाषा. तिसऱ्या ओळीला पेन थांबले. माहिती अचूक होती आणि तरी उत्तर झाले नव्हते. दर्जाचे निकष कोणते, जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या शिलालेखाचा त्याच्याशी काय संबंध, रंगनाथ पठारे समितीने काय मांडले, प्रशासनात आणि उच्च शिक्षणात मराठीचे आज काय चालले आहे, यावर त्यांच्याकडे मत होते. तोंडी विचारल्यावर ती भराभर बोलली. आठवड्याला एका बातमीवर दोनशे शब्द लिहून घ्या आणि तपासून द्या. तपासायला माणसे लागतात, पैसा लागतो, हे कळते. एका टेस्ट सिरीजचे फ्लेक्स कमी लावले तर तेवढा पैसा निघेल.

वर्गाच्या वेळातली पहिली तीस मिनिटे वर्तमानपत्राला द्या. अग्रलेख वाचून त्याचा सारांश सांगणे नको, ते मुले घरीही ऐकतात. कुठली बातमी सोडायची ते शिकवा. नव्या मुलाला सगळेच महत्त्वाचे वाटते, पान दोनवरच्या राजकीय भांडणापासून शेवटच्या पानावरच्या क्रिकेटपर्यंत, आणि एका पेपरला तीन तास जातात. नेत्याचे वक्तव्य सोडायचे, त्यामागचे विधेयक धरायचे. अपघात सोडायचा, त्यावरचा चौकशी अहवाल धरायचा. हा विवेक एकदा आला की तासाभरात पेपर संपतो आणि मासिक निव्वळ उजळणीला लागते. बाकी साधने फुकट आहेत. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ दर अर्थसंकल्पी अधिवेशनात मराठीत येते. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची निवेदने मराठीत येतात. सकाळी सात दहाला आकाशवाणी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या असतात. आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि अंतिम उत्तरतालिका संकेतस्थळावर आहेत. एखादा जुना प्रश्न घेऊन तो कोणत्या बातमीतून, अहवालातून किंवा कायद्यातून उगवला हे मुलांना शोधायला लावा. दहा प्रश्नांचा असा माग काढलेला मुलगा हजार वन लायनर वाचलेल्यापेक्षा जास्त तयार असतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

संपादकांना वेगळी विनंती. प्रत्येक नोंदीखाली मूळ आधार आणि ती माहिती कोणत्या तारखेपर्यंतची आहे ते छापा. प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर मागच्या अंकाचे शुद्धिपत्र द्या. चुका सगळ्यांच्या होतात. छापलेली चूक तशीच राहू देऊन पुढचा अंक विकणे मात्र अयोग्य आहे. वाचणारा तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो, तेवढ्यासाठी तरी.

तुमच्यातले अनेक जण याच अभ्यासिकांमध्ये वर्षे काढून, मुलाखतीपर्यंत जाऊन, थोडक्यात हुकून शिकवायला उभे राहिले आहेत. मुले तुम्हाला सर, मॅडम म्हणताना त्यांच्या आवाजात जो आदर असतो तो मी ऐकतो. त्या आदराचा उपयोग त्यांना स्वतःच्या पायावर उभे करायला व्हावा असे वाटते, म्हणून एवढे सविस्तर लिहिले.

पुढच्या महिन्याच्या अंकात आधार आणि तारीख छापून सुरुवात करता येईल. त्याला नवी व्यवस्था लागत नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी एखाद्या संध्याकाळी सात वाजता अभ्यासिकेत यावे, त्या दिवसाचा पेपर घेऊन. मुलांसमोर बोलू.

आपला,
एक निवृत्त महसूल अधिकारी
पुणे